पानगळीतला कॉय रेनफ्रो

कॉय रेनफ्रो गेला मार्चमध्ये, आणि त्याच्या आठवणीसाठी आम्ही जमलो ते सप्टेंबरात. मधल्या काळात कुणाची मक्याची पेरणी होती, कुणाच्या मुलीचं लग्न होतं, आणि मुख्य म्हणजे डेल्बर्ट नॉफ्सिंगरच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. डेल्बर्टला वगळून कॉयच्या नावानं साधा केक कापायचीही कुणाची छाती नव्हती. वीजकेंद्रातली नोकरी संपल्यापासून त्या माणसानं कॉयशिवाय दुसरं काही केलंच नाही. कॉयची प्रत्येक तबकडी, रेडिओवरून उतरवून घेतलेली प्रत्येक टेप त्याच्या तळघरात. कॉयनं कुठल्या जत्रेत काय वाजवलं आणि नंतर काय खाल्लं, सगळं तोंडपाठ.

क्रॉली स्प्रिंग गावच्या अग्निशमन दलानं आम्हाला त्यांची शेड दिली होती. बंब बाहेर उन्हात उभे करून आत टेबलं मांडलेली. पुढं एका खुर्चीवर कॉयची गिटार, तिच्यावर त्याची राखाडी हॅट. मागच्या अंगणात मोठ्या कढईत पहाटेपासून बर्गू शिजत होतं. मेंढीचं मटण, कोंबडी, मका, बटाटे, सगळं एकजीव होईपर्यंत. ते लाकडी वल्ह्यानं ढवळायला कॉयचा भाऊ वुडरो. हे काम नेहमी त्याचंच. कॉयचा कार्यक्रम कुठंही असो, वुडरो गाडीतून स्पीकर उतरवायचा, तारा जोडायचा आणि मग शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून बसायचा. तो सलग दोन वाक्यं बोलला तर ती बातमी व्हायची.

मी सफरचंदाचा केक नेला होता. माझा नवरा हर्शल मटणासाठी आला होता. त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि तो ते लपवतही नाही.

"वॉनिटा, आज तुझी ती गोष्ट जरा आवरती घे हं," गाडीतून उतरताना तो म्हणाला. "मागच्या वेळी लोकांची कॉफी गार झाली होती."

"तुझी झाली नव्हती ना? मग झालं तर."

कॉयचं वाजवणं ज्यांनी ऐकलं नाही त्यांना ते सांगणं कठीण. आमच्याकडे अंगठ्यात नखी घालून वाजवायची रीत जुनी आहे. अंगठा खर्जाच्या तारांवर चालत राहतो आणि दोन बोटं वर चाल वाजवतात. वाजवणारा चांगला असला की वाटतं, दोन माणसं वाजवताहेत. कॉयचं ऐकताना वाटायचं, दोन माणसं वाजवताहेत आणि त्यांचं एकमेकांशी बरं चाललंय. शिवाय त्याची ती लंगडी. आम्ही तिला तेच म्हणायचो. तिसऱ्या ठोक्याला अंगठा किंचित मागं राहायचा. आता ताल गेला म्हणून आपण श्वास धरावा आणि तेवढ्यात तो येऊन पोचावा. पुष्कळांनी नक्कल करून पाहिली. जमली कुणालाच नाही.

डेल्बर्ट काठी टेकत उठला तशा सगळ्यांनी खुर्च्या वळवल्या.

"मित्रहो," तो म्हणाला, "साठ सालापर्यंत कॉय चांगला वाजवायचा. चांगला म्हणजे आपल्याकडचे दहाजण वाजवतात तेवढा. आणि मग आली एकसष्टची पानगळ. त्या महिन्यांत त्याला काय झालं ते देव जाणे. लंगडी आली ती तेव्हाच. त्या नोव्हेंबरात त्यानं रेडिओवर वाजवलं त्याची टेप माझ्याकडे आहे. मी सैन्यात होतो, जर्मनीत. माझ्या आईनं उतरवून ठेवली. ती ऐका आणि मग माझ्याशी वाद घाला. त्या हिवाळ्यात कॉय स्टेजवर चकार शब्द बोलायचा नाही. सगळं बोलणं बोटांत उतरलं होतं त्याच्या."

"वॉनिटाच्या बाबांशी बोलला की," कुणीतरी मागून म्हणालं.

"तो एक अपवाद," डेल्बर्ट मोठ्या मनानं म्हणाला. "ये वॉनिटा, सांग."

मग मी सांगितलं, जसं इतकी वर्षं सांगत आले तसंच. एकसष्ट साल. मी सोळा वर्षांची. आम्ही तेव्हा नदीपलीकडे राहायचो, इथून खूप लांब. जुलैत आई गेली आणि बाबा बोलेनासे झाले. खाणीवर जायचे, यायचे, ताटात बघत जेवायचे. घर माझी मोठी बहीण ओपल चालवायची. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी बाबा कोंबड्यांचं खाद्य आणायला निघाले आणि मलाही बरोबर घेतलं. ते दुकान नुकतंच नव्या जागेत गेलं होतं, म्हणून दुकानदारानं बाहेर ट्रकच्या हौद्यात गाणंबजावणं ठेवलं होतं. भर दुपार. ट्रकवर कॉय रेनफ्रो, हॅट डोळ्यांवर ओढून. वाजवता वाजवता तो थांबला, वाकला आणि माझ्या बाबांना म्हणाला, "काय ऐकाल, दादा?" आणि बाबांनी, ज्या आवाजाची मला जवळजवळ ओळख राहिली नव्हती त्या आवाजात, आई भांडी घासताना गुणगुणायची त्या चर्चमधल्या गाण्याचं नाव घेतलं. कॉयनं ते वाजवलं. अंगठा असा चालत होता की वाटावं, आपल्या शेजारून कुणीतरी चाललंय. घरी परत आल्यावर जेवताना बाबा म्हणाले, "बटाट्यात मीठ जास्त झालंय." ओपल आणि मी एकमेकींकडे बघून रडायला लागलो.

मिठापाशी आलं की लोकांचे डोळे भरतात. त्या दिवशीही भरले. कॉयची बायको जेनिव्हा दर वेळी ही गोष्ट संपली की उठून मला मिठी मारायची. त्या दिवशी मात्र ती जागेवरच बसून राहिली, स्वतःच्या तळहाताकडे बघत. मला वाटलं, नवरा गेलाय, मिठ्या मारायचं बळ कुठून आणणार बिचारी.

टाळ्या थांबल्या तशी मागच्या टेबलावरची एक बाई उभी राहिली. पांढरे केस, निळा स्वेटर. ती एकटीच दुरून गाडी चालवत आली होती. इमोजीन टॅब, निवृत्त नर्स, असं तिनं नाव सांगितलं.

"माझा काहीतरी घोटाळा होतोय बहुतेक," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता ती पानगळ एकसष्टचीच ना?"

"एकसष्टचीच," डेल्बर्ट म्हणाला.

"कारण तेव्हा कॉय आमच्याकडे होता. टेकडीवरच्या सॅनिटोरियममध्ये. क्षय झाला होता त्याला. ऑगस्टअखेर आला आणि ईस्टरला घरी गेला. माझी पहिलीच नोकरी होती. मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना ठाऊक असेल. मी एवढंच सांगायला आले होते की पलंगावर पडल्यापडल्या तो चादरीवर बोटं वाजवायचा आणि आम्हाला ओळखायला लावायचा, कुठलं गाणं ते."

बाहेर कढईत वल्हं फिरत होतं त्याचा आवाज ऐकू आला. आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

"बाई, तुमचा दुसरा कुणी कॉय असेल. या काउंटीत पाच कॉय आहेत."

"त्यातले रेनफ्रो किती?"

"शनिवारी पळून येत असेल. खिडकीतून."

"क्षयाचा माणूस? खिडकीतून? आणि येऊन ट्रकवर चढायचा?"

"साल बासष्ट असेल हो. मला माझ्या लग्नाचं साल आठवत नाही."

"ते तुझ्या बायकोला विचार, तिला बरोबर आठवतं, पश्चात्ताप तिलाच झालाय."

कुणी हसलं, पण ते हसू टिकलं नाही. इमोजीन कावरीबावरी होऊन माझ्याकडे बघत होती. "मी उगाच बोलले का?" ती म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती, तेवढं तोंडावर दिसत होतं. आणि मीही खोटं बोलत नव्हते. आईच्या थडग्यावर साल कोरलेलं आहे. दगडात चूक कशी असेल? डेल्बर्टची टेपही होतीच. मग पलंगावर कोण होतं आणि ट्रकवर कोण?

हळूहळू सगळ्यांच्या माना जेनिव्हाकडे वळल्या. ती उठली. "जेवून घ्या," ती म्हणाली. "बर्गू गार होतंय." आणि मागच्या दारानं बाहेर गेली. चुलीवर रटरटणारं बर्गू गार कसं होईल, हे कुणी विचारलं नाही.

मी तिच्या मागून गेले. ती कढईपाशी उभी होती, वुडरोच्या शेजारी. वुडरो वल्ह्यानं तळ खरवडत होता.

"जेनिव्हाबाई," मी म्हटलं, "तुम्ही काही सांगू नका हवं तर. पण मला एवढंच सांगा, मी वेडी आहे का?"

जेनिव्हानं एक मोठा श्वास घेतला. "वुडरो," ती म्हणाली, "सांगून टाक हिला. कॉय म्हणालाच होता, कुणी विचारलं तर सांगा. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही."

वुडरोनं वल्हं थांबवलं नाही. "दोघं एकाच मामाकडे शिकलो," तो म्हणाला. "त्याच्यात न् माझ्यात वर्षाचं अंतर. हॅट घातली की आईसुद्धा फसायची. तेव्हा क्षय म्हटलं की लोक हात मिळवत नसत. कॉयला क्षय आहे असं कळलं असतं तर पुन्हा त्याला कुणी बोलावलं नसतं. कार्यक्रम ठरलेले. हिच्या कडेवर पोर. मी भेटायला गेलो तर त्यानं पलंगावरून हॅट माझ्या अंगावर टाकली. म्हणाला, जा, तू हो मी. फक्त तोंड उघडू नकोस, तुझा आवाज बेडकासारखा आहे."

"आणि इथं कुणाला कळलं नाही?"

"इथं वाजवलंच नाही. नदीपलीकडे, लांब लांब. इथं सांगितलं, वुडरो डेट्रॉइटला गाड्यांच्या कारखान्यात लागलाय."

"आणि मी ख्रिसमसला शेजारणींना डेट्रॉइटच्या थंडीच्या गोष्टी सांगत होते," जेनिव्हा म्हणाली. "सगळ्या पदरच्या. एकदा तर तळं गोठून मासे दिसत होते असंही सांगितलं."

मला हसू आलं, आणि मग एकदम थांबलं. "म्हणजे ती लंगडी…"

वुडरोनं उजवा अंगठा वर केला. त्याचं मधलं पेर जाड, वाकडं. "खाणीत कोळशाचं ढेकूळ पडलं होतं याच्यावर. वाकत नाही नीट. म्हणून मागं राहायचा. झाकायचा फार प्रयत्न केला."

"पण कॉय तर आयुष्यभर तसंच वाजवायचा!"

"घरी आला तेव्हा ती रेडिओची टेप ऐकली त्यानं," जेनिव्हा म्हणाली. "डोळे मिटून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग म्हणाला, 'आता हे मला शिकावं लागणार.' लोक तेच मागणार होते ना. अख्खा उन्हाळा परसात बसून धडधाकट अंगठा लंगडा करत होता. चिडायचा. म्हणायचा, माझ्या भावानं मला हे काय करून ठेवलंय."

"आणि तुम्ही, वुडरो?"

"एका काउंटीला एक कॉय पुरे. मी गिटार माळ्यावर टाकली." त्यानं कढईच्या कडेला वल्हं आपटलं. "मग मागच्या रांगेत बसायचो. लोक माझ्या चुकीला टाळ्या द्यायचे. वाईट नाही वाटायचं. काय वाटायचं ते मात्र मला अजून नीट कळलेलं नाही."

तेव्हा मी त्याला खरं विचारायचं ते विचारलं. शनिवार, कोंबड्यांचं खाद्य, ट्रकचा हौदा. उंच, वाळका माणूस, काळा कोट, शेजारी दोन वेण्यांची मुलगी. आठवतं का?

मला बरं वाटावं म्हणून हो म्हणावं की काय, असं त्याच्या तोंडावर येऊन गेलेलं मी पाहिलं. पण तोंडदेखलं बोलणारा वुडरो नव्हे. "नाही," तो म्हणाला. "अशी दुकानं पुष्कळ झाली त्या दिवसांत. आणि मी मान वर करायचोच नाही."

"पण तुम्ही वाकून विचारलंत! काय ऐकाल दादा, म्हणून."

"ते मी नसणार. मला बोलायची बंदी होती."

"मग आईचं गाणं कसं वाजवलंत?"

"ते होय?" वुडरो अगदी हळू म्हणाला. "ते मी सगळीकडेच वाजवायचो. शेवटचं नेहमी तेच."

मी बंबाच्या पायरीवर जाऊन बसले. जेनिव्हानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मग तशीच आत गेली. तिनं लोकांना सांगितलेलं मला दारातून ऐकू येत होतं. ती काही सजवत नव्हती, काही गाळतही नव्हती. डेट्रॉइटचे मासेसुद्धा तिनं सांगितले. मी आत गेले तेव्हा दोघंजण हॅट घालून निघाले होते, त्यातला एक दारात मला म्हणाला, "फसवलं आपल्याला," आणि दुसरा म्हणाला, "कुणी?" तेवढ्यावर त्यांचं तिथंच भांडण जुंपलं, आणि त्या भांडणापायी ते बर्गू खायला थांबले.

इमोजीन रडत होती. "म्हणजे तो पलंगावर वाजवायचा तेव्हा त्याचा भाऊ…" असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि वाक्य तिच्याच्यानं संपत नव्हतं.

डेल्बर्ट उभाच होता. गुडघा दुखत असणार, पण बसायचं त्याला सुचलं नव्हतं. "म्हणजे मी आयुष्यभर कुणाचा चाहता होतो?" त्यानं विचारलं.

"दोघांचा, लेका. एका तिकिटात," मागून कुणीतरी म्हणालं.

डेल्बर्ट हसला नाही. त्यानं काठी सावरली, पुढं गेला, खुर्चीवरची हॅट उचलून टेबलावर ठेवली आणि गिटार हातात घेतली. वुडरो भांड्यातून बर्गू आणत होता. डेल्बर्ट त्याच्या वाटेत उभा राहिला.

"वाजव," तो म्हणाला.

"अरे, हात बघ माझे."

"बघितले. वाजव. मला ओळखू येईल. ती टेप मी इतक्यांदा ऐकलीये की झोपेत ओळखेन."

वुडरोनं जेनिव्हाकडे पाहिलं. तिनं त्याच्या हातातलं भांडं काढून घेतलं. मग तो बसला. नखी कुणीतरी दिली ती अंगठ्यात चढेना. त्यानं ती खिशात टाकली आणि उघड्या अंगठ्यानंच सुरुवात केली. आईचंच गाणं. मी डोळे मिटले. मनात म्हटलं, आता कळेल. कान खोटं सांगणार नाहीत.

पहिल्या ओळी मोडक्यातोडक्या आल्या. मग अंगठा चालायला लागला, लंगडत, थबकत. कुणीतरी हुंदका दिला. मला मात्र काहीच कळेना. एकदा वाटलं, हाच तो, ट्रकवरचा. लगेच वाटलं, हे तर आपण मागल्या वर्षी जत्रेत कॉयकडून ऐकलं. मग वाटलं, दोन्ही नाही, एक म्हातारा माणूस दुखऱ्या हातांनी वाजवतोय. आणि मध्येच तो थांबला.

त्यानं तेवढाच तुकडा पुन्हा वाजवला. पुन्हा तिथंच थांबला.

"इथून पुढं माझं मला येत नाही," वुडरो म्हणाला. "इथून पुढं कॉयचं येतं. इतकी वर्षं त्याचंच ऐकलं, माझं बुजून गेलंय."

"मग त्याचं वाजवा की," इमोजीन नाक पुसत म्हणाली.

"पण ते त्यानं माझ्यावरूनच उचललं होतं ना." तो गिटारीकडे असा बघायला लागला, जशी काही ती त्याला उत्तर देणार होती. "मग माझं कुठलं ते?"

सगळ्यांनी डेल्बर्टकडे पाहिलं. झोपेत ओळखणारा डेल्बर्ट खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. तो म्हणाला, "मला नाही सांगता येत." आणि बसला.

आम्ही गाडीतून परत निघालो. हर्शलनं रेडिओ लावला, बंद केला.

"एक बोलू?" तो म्हणाला. "कुणी का वाजवेना. कुणी विचारलं, नाही विचारलं. तुझे बाबा बोलले ना त्या दिवशी? तेवढं तर खरं?"

मला त्याचा इतका आधार वाटला की घरी पोचताच मी ओपलला इव्हान्सव्हिलला फोन लावला. सगळं सांगितलं. ओपल ऐकून घेते. ऐंशीच्या घरात आली तरी तिला मध्ये बोलायची सवय लागलेली नाही. मी मिठापर्यंत आले आणि थांबले.

"वॉनिटा," ओपल म्हणाली, "बाबा कुठं गप्प होते?"

"म्हणजे?"

"अगं, आई गेल्यावर बाबांचं तोंड थांबत नव्हतं. हवा, खाण, कोंबड्या. वीट यायचा मला. गप्प तू होतीस. जुलैपासून तू एक शब्द बोलली नव्हतीस. डॉक्टरकडे न्यायचं चाललं होतं तुला. बाबा तुला दुकानात घेऊन गेले ते त्याचसाठी, गाणं ऐकून काही फरक पडला तर बघावं म्हणून."

"आणि मीठ?"

"ते तू म्हणालीस. मी स्वयंपाकाला होते, मला नाही का आठवणार? बाबा उठून परसात गेले."

"मग ट्रकवरच्या माणसाला गाण्याचं नाव कुणी सांगितलं?"

"ते मला काय माहीत? मी कुठं होते तिथं? तुम्ही दोघंच गेला होतात."

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. सोळा वर्षांची मुलगी तीन महिने बोलत नाही, आणि पुढं सगळं आयुष्य ती ते बापाच्या नावावर सांगते. असं होतं का माणसाचं? मी ते मुकेपण आठवून पाहिलं. काही म्हणता काही आठवेना. बाबांचा वाकलेला माथा, ताट, काळा कोट, सगळं लख्ख आठवतं, आणि त्यात मी कुठंच नाही. कदाचित ओपलचंच चुकत असेल. तिच्या वयाला असं व्हायचंच. पण मग वुडरोचं चुकत असेल, इमोजीनचं, माझंही. सगळ्यांचं चुकत असेल तर त्या शनिवारी त्या दुकानासमोर होतं कोण?

डेल्बर्टनं दोन आठवडे कुणाचा फोन घेतला नाही. नंतर समजलं, तो तळघरातल्या टेपा पहिल्यापासून ऐकत बसला होता, बायको जेवण जिन्यावर ठेवून जायची. वर आला तेव्हा म्हणाला, काही ठिकाणी नक्की कॉय आहे, एका टेपेवर नक्की वुडरो, आणि बाकीचं परमेश्वराला ठाऊक. वुडरोनं पुन्हा चारचौघांत गिटार धरली नाही. जेनिव्हा म्हणते, दुपारी कधी कधी त्याच्या खोलीतून आवाज येतो. पुढं जातो, अडतो, मागं येतो. ती दार वाजवत नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस त्याचा मला फोन आला. मी आधी ओळखलंच नाही, कारण वुडरो रेनफ्रो कुणाला फोन करतो हेच ठाऊक नव्हतं.

"ती जागा दाखवाल का मला?" त्यानं विचारलं. "दुकानाची."

हर्शलनं गाडी काढली. नदी ओलांडली, दोन्ही बाजूंना तंबाखू कापून झालेली शेतं. मी कितीतरी वर्षांत त्या बाजूला गेले नव्हते. दुकान गेलेलं, मागचे रेल्वेचे रूळ तेवढे होते. तिथं आता एकजण परसात ठेवायच्या लाकडी खोल्या विकतो, लहान-मोठ्या, रांगेत मांडलेल्या. आम्ही त्यांच्या मधून हिंडलो. मी एका जागी थांबले.

"ट्रक इथं होता. तोंड रस्त्याकडे."

वुडरो सगळीकडे बघत होता. "छे. तोंड रुळांकडे. ऊन डोळ्यांत येत होतं."

"रुळांकडे कसं असेल? मग लोक कुठं उभे राहणार?"

"तुम्ही खाली होतात. मी वर होतो."

"म्हणजे तुम्हाला आठवतंय!"

तो गोंधळला. त्यानं कपाळावर हात धरून सूर्याकडे पाहिलं, मग रुळांकडे. "ऊन आठवतंय," तो म्हणाला. "पण ते इथलंच का, ते नाही सांगता येत."

तेवढ्यात खोल्या विकणारा माणूस बाहेर आला आणि विचारायला लागला की कोणती दाखवू. हर्शलनं त्याला बोलण्यात गुंतवलं आणि खरंच एका खोलीचं दार उघडून आत डोकावला. आम्ही दोघं तिथंच उभे होतो. दुपार कलत चालली होती. मी वुडरोला हाताला धरून दोन पावलं रस्त्याकडे नेलं, त्यानं मला दोन पावलं रुळांकडे नेलं, आणि सावल्या कुणीकडे पडतात ते आम्ही बघत राहिलो.